दुकानातला पास्ता संपला तर: नाशिकच्या घरासाठी साठवण, पर्याय आणि हाताने केलेला पास्ता

किराणा मालाची टंचाई येते तेव्हा सगळं एकदम संपत नाही. आधी पास्ता, नूडल्स, ओट्स अशी पाकिटं जातात, मग तेल, मग रवा-मैदा. गहू, ज्वारी, नागली (नाचणी) सगळ्यात शेवटी. याचं कारण रस्त्यात आहे. नाशिकला येणारा बराचसा पाकीटबंद माल भिवंडीच्या गोदामांतून निघून कसारा घाट चढून येतो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली किंवा चालकांनी संप केला की दोन-तीन दिवसांत दुकानातल्या फळ्या रिकाम्या दिसू लागतात. जानेवारी 2024 च्या चालकांच्या संपात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि लगेच पंपांवर रांगा लागल्या. इंधन अडलं की किराणाही अडतो.

धान्याचं मात्र तसं नाही. गहू निफाडचा, तांदूळ घोटी-इगतपुरीचा, नागली पेठ-सुरगाण्याची. सगळं जिल्ह्यातलंच. म्हणून पास्त्याची वीस पाकिटं भरून ठेवण्यापेक्षा गहू आणि बारीक रवा नीट साठवावा आणि त्याचा पास्ता करायला शिकावं, हे जास्त पक्कं.

आधी मोजणी

साठा किती ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका. एक महिना एवढंच करा: नवं पाकीट किंवा डबा उघडला की त्यावर मार्करने तारीख लिहायची, संपला की संपल्याची तारीख वहीत टिपायची. महिन्याअखेरीस घराचा खरा खप कळतो.

दोन्ही वेळ घरी जेवणाऱ्या चार माणसांच्या घरात साधारण गहू 12 किलो, ज्वारी-बाजरी मिळून 4 किलो, तांदूळ 6 किलो, डाळी-कडधान्यं 4 ते 5 किलो, तेल 3 ते 4 लिटर, साखर-गूळ 4 किलो, शेंगदाणे दीड किलो, रवा आणि पोहे प्रत्येकी 1 किलो लागतात. डबे नेणारी माणसं असतील किंवा रोज भाकरी होत असेल तर आकडे बदलतील, म्हणूनच मोजायचं. सुका पास्ता माणशी 80 ते 100 ग्रॅम लागतो. 500 ग्रॅमच्या पाकिटात पाच जणांचं एक जेवण होतं. आठवड्यातून एकदा पास्ता होत असेल तर महिन्याला दोन किलो लागतो.

महिन्याच्या खपावर तीन आठवड्यांचा जादा साठा पुरेसा आहे. त्याहून जास्त ठेवलात तर शहरातल्या फ्लॅटमध्ये जपणं अवघड होतं, आणि शेजारच्या घराला मिळायचं ते आपल्या कपाटात किडत पडतं. अपवाद गव्हाचा. एप्रिल-मेमध्ये वाळवून कोठीत भरला तर वर्षभर टिकतो.

नाशिककरांनी काही काळ आधीच डोक्यात ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर येतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेच्या वर पाणी चढू लागलं की सराफ बाजार, भांडी बाजार आणि गोदाकाठची दुकानं माल हलवण्याच्या गडबडीत असतात, बुधवारचा बाजारही भरत नाही. दुसरा काळ सिंहस्थ कुंभमेळ्याचा. 2027 मध्ये 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबरला नाशिकमध्ये अमृतस्नानं, म्हणजे पर्वण्या, आहेत, त्र्यंबकेश्वरला तिसरं 12 सप्टेंबरला. पर्वणीच्या आगेमागे वाहतूक वळवली जाते आणि गावठाणातल्या दुकानांपर्यंत टेम्पो पोचणं कठीण होतं. पंचवटी, जुनं नाशिक, त्र्यंबक रोड इथल्या घरांनी ऑगस्टचा किराणा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातच भरावा. रविवार कारंजा परिसरातल्या घाऊक दुकानांत जायचं तर सकाळी जावं, शनिवार-रविवार टाळावा.

धान्य जपायचं कसं

टंचाईत सगळ्यात वाईट काय, तर डबा भरलेला आहे पण आतलं खाण्याजोगं नाही. धान्य किडतं ते बहुतेक वेळा बाहेरून किडा आला म्हणून नाही, आत अंडी आधीपासून असतात म्हणून. सोंडा हा धान्यातला किडा, त्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. वरून दाणा धड दिसतो. उबदार, दमट हवेत चार-पाच आठवड्यांनी आतून सोंडा बाहेर पडतो आणि दाण्याला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक राहतं. त्यामुळे चाळून-पाखडून वरचे सोंडे गेले तरी महिन्याने पुन्हा दिसतात.

गव्हासाठी खरा उपाय ऊन. एप्रिल-मेच्या कडक उन्हात गच्चीवर काळं प्लास्टिक किंवा जाड कापड अंथरून गहू दोन बोटं जाडीच्या थरात पसरा, दर तासाने हलवा, असे दोन-तीन दिवस. दाणा दातांखाली कट्‌कन तुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. संध्याकाळी गहू घरात आणून रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी कोठीत भरा. गरम गहू भरला की झाकणाखाली घाम धरतो, वरचा थर ओला होतो आणि तिथून बुरशी सुरू होते. कोठी गच्च भरा. वर रिकामी जागा जितकी कमी तितकी हवा आणि दमटपणा कमी. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तो सावलीत खडखडीत वाळलेला हवा. ओला पाला घालणं म्हणजे आपणच ओल आत ठेवणं. पाल्याने कीड येण्याला थोडा अडसर होतो, पण आत असलेली अंडी मरत नाहीत.

तांदूळ कडक उन्हात घालू नका. दाण्याला तडे जातात आणि शिजताना तुकडा पडतो. सावलीत, पंख्याखाली वाळवा. फ्रीजरमध्ये जागा असेल तर तांदूळ, रवा, पोहे एकेक किलोच्या घट्ट पिशव्यांत चार दिवस ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती घरातल्या हवेइतकी कोमट होईपर्यंत, निदान चार-पाच तास, बंदच राहू द्या. नाहीतर गार धान्यावर पाणी सुटतं.

कडधान्याला एरंडेल चोळण्याची पद्धत उपयोगी आहे: 1 किलोला 1 छोटा चमचा तेल, परातीत घेऊन प्रत्येक दाण्याला लागेल असं चोळायचं. भुंगा अंडी घालतो ती अख्ख्या दाण्याच्या सालीवर, म्हणून मूग, मटकी, हरभरा, चवळी यांना याची गरज जास्त, फोडलेल्या डाळीला कमी. शिजवण्याआधी कोमट पाण्याने दोनदा धुवा.

एक गोष्ट मात्र घरात कधीही नको: गोदामांत वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. सुट्या मिळत असल्या तरी घेऊ नका, शेजारी वापरत असतील तर त्यांनाही सांगा. बोरिक पावडर लावलेला तांदूळही तिच्यासकट शिजवू नये. तीन-चार पाण्यांनी धुवूनच वापरावा, आणि लहान मुलांच्या घरात मुळातच टाळावा.

पिठं साठवू नका, दाणे साठवा. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो. दळलं की तो हवेला लागतो आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं. ज्वारीचं पीठ दोन-तीन आठवड्यांनी जुनं होतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. नागली सगळ्यात टिकाऊ, कोरडी ठेवली तर अख्खी नागली दोन-तीन वर्षंही राहते. साखर-मीठ टिकतंच, फक्त ओल लागू देऊ नका. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट-हिरवट बुरशीचे किंवा कुबट वासाचे दाणे टाकून द्या. बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही.

तेलाच्या टंचाईचं कारण वेगळं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल अडलं आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात जवळजवळ महिनाभर थांबवली, तेव्हा सगळीच तेलं महागली. तरी 15 किलोचा डबा उघडून ठेवू नका. उजेड, उष्णता आणि हवा लागून तेल खवट होतं. लिटरच्या पिशव्या किंवा 5 लिटरचा कॅन घ्या आणि गॅसपासून दूर अंधाऱ्या कपाटात ठेवा.

रव्याचा पास्ता, हाताने

पास्ता म्हणजे ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. आपल्याकडे या जातीचा गहू बन्सी म्हणून माहीत आहे, आणि बन्सीचा रवा शेवया-कुरडयांसाठी मुद्दाम मागितला जातो. निफाडजवळ कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या गव्हाच्या वाणांत 'पंचवटी' आणि 'गोदावरी' हे दोन ड्युरमचेच आहेत. लग्नाच्या रुखवतात मांडतात ते हाताने वळलेले गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे हा आपला पास्ताच आहे. फक्त आपण त्याची खीर करत आलो.

तीन जणांसाठी 250 ग्रॅम बारीक बन्सी रवा, 120 मिली कोमट पाणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ घ्या. उपम्याचा जाड रवाच असेल तर तो मिक्सरमध्ये थोडा थोडा घालून अर्धा मिनिट फिरवा आणि पिठाच्या चाळणीने चाळा. रवा भाजलेला नको. टिकावा म्हणून घरोघरी रवा भाजून ठेवतात, पण भाजल्याने त्यातलं ग्लुटेन, म्हणजे गोळ्याला चिवटपणा देणारा घटक, मरतं आणि गोळा बांधला तरी पाण्यात विरघळतो. साठवतानाच दोन डबे करा, एक उपम्या-शिऱ्यासाठी भाजलेल्या रव्याचा आणि एक कच्च्या रव्याचा, फ्रीजमध्ये.

रव्यात मीठ मिसळा. पाणी तीन वेळा विभागून घाला आणि प्रत्येक वेळी दोन्ही तळव्यांत रवा चोळा. सुरुवातीला तो वाळूसारखा भुसभुशीत राहील, तेव्हा घाईने आणखी पाणी घालू नका. इथेच बहुतेकांचं बिघडतं. रव्याचा कण पाणी सावकाश पितो. मूठ आवळली की गोळा धरला पाहिजे आणि तळहाताला काही चिकटता कामा नये. ओलं फडकं झाकून अर्धा तास मुरू द्या. मग दहा मिनिटं चांगलं तिंबा: तळव्याच्या टाचेने पुढे ढकलायचं, घडी घालायची, फिरवायचं. आधी खडबडीत असलेला गोळा हळूहळू गुळगुळीत, फिकट पिवळा होतो. बोटाने खळगा पाडला की तो सावकाश भरून आला पाहिजे. तसाच राहिला तर अजून तिंबा, तडे गेले तर ओल्या हाताने दोन मिनिटं मळा. पुन्हा अर्धा तास झाकून ठेवा.

आता आकार. गोळ्याच्या करंगळीएवढ्या जाड वळ्या करा आणि नखाएवढे तुकडे कापा. तुकडा पोळपाटावर ठेवून अंगठ्याने दाबत आपल्याकडे ओढला की तो वळून मधे पोकळ शंखासारखा होतो. स्वच्छ नव्या फणीवर किंवा किसणीच्या पाठीवर ओढलात तर रेघा उठतात आणि रस्सा त्यात धरून राहतो. पोकळी महत्त्वाची आहे. भरीव गोळी बाहेरून शिजते आणि आत कच्ची राहते. मुलं बसली तर त्यांच्या हातून हे छान होतं. झालेले तुकडे रवा भुरभुरलेल्या ताटात सुटे ठेवा, एकावर एक नाही.

शिजवायला 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि लिटरला 2 सपाट छोटे चमचे मीठ. पाणी खळखळ उकळत असतानाच सोडा आणि पहिलं अर्धं मिनिट हलवा. ताजा पास्ता 4 ते 6 मिनिटांत होतो. तुकडे वर तरंगल्यावर आणखी दोन मिनिटं ठेवून एक फोडून बघा, मधे पांढरा ठिपका दिसला तर अजून हवा. वाटीभर शिजवलेलं पाणी बाजूला ठेवा. त्यात पिष्ट उतरलेलं असतं, त्याने रस्सा दाट होतो.

वाळवून ठेवायचा तर पहिला दिवस सावलीत, सुती कापडावर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उन्हात. पहिल्याच दिवशी उन्हात टाकलात तर बाहेरचं कवच आधी आकसतं, आत ओल राहते आणि तडे जातात. तडकलेला पास्ता उकळत्या पाण्यात तुकडे तुकडे होतो. वाळला का हे तराजूवर बघा: 250 ग्रॅम रव्याचा मळलेला गोळा सुमारे 370 ग्रॅम भरतो, वाळून वजन पुन्हा 250 च्या आसपास आलं की डबा बंद करायला हरकत नाही. 280-290 असेल तर डब्यात बुरशी येईल. असा वाळलेला पास्ता शिजायला 10 ते 12 मिनिटं घेतो. जून ते सप्टेंबर नाशिकच्या हवेत पास्ता वाळवूच नका. ताजा करा किंवा ताटासकट फ्रीजरमध्ये घट्ट होऊ द्या, मग पिशवीत भरा आणि न विरघळवता थेट उकळत्या पाण्यात सोडा.

बन्सी रवा नसेल तर निम्मा मैदा, निम्मा साधा रवा आणि तेवढंच पाणी. थोडा मऊ होतो, पण चालतो. नुसत्या कणकेचा पास्ता मात्र करू नये. कोंड्याच्या कणांनी ग्लुटेनचे धागे तुटतात आणि पास्ता उकळीत लवकर मऊ पडून फुटू शकतो. कणीकच असेल तर वरणफळं करा: लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे पातळ, फोडणीच्या उकळत्या वरणात एकेक सोडायचे, 12 ते 15 मिनिटं. डाळ आणि गहू एका भांड्यात, एकाच गॅसवर.

उन्हाळ्यात केलेल्या किंवा बचत गटाकडून घेतलेल्या जाड शेवया असतील तर त्या तेलावर गुलाबी भाजून उकळत्या पाण्यात 3-4 मिनिटं शिजवा, चाळणीत ओता आणि वरून लगेच गार पाणी घाला. गार पाणी विसरलात तर शेवया आपल्याच वाफेत शिजत राहतात आणि चिकटतात.

रश्शासाठी बाटलीतल्या सॉसची गरज नाही. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची आवक वाढून भाव उतरतो तेव्हा 5 किलो घ्या, उकडून, सोलून, गाळून मंद आचेवर दाट आटवा. साधारण किलोभर लगदा राहतो. बर्फाच्या ट्रेमध्ये घट्ट करून पिशवीत भरा, चार जणांना सहा-सात खडे लागतात. बाटलीत भरून बाहेर ठेवू नका.

बाकीच्या वस्तूंना पर्याय

तूरडाळ नसेल तर मसूर, ती लवकर शिजते. चव नवी वाटेल तर निम्मी तूर, निम्मी मसूर. हुलगे (कुळीथ) आणि मूग घरात असावेतच. जुनं कडधान्य शिजत नसेल तर रात्री भिजवताना वाटीभराला चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. बोअरचं जड पाणी असेल तर भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या.

गव्हाच्या जागी भाकरी. विरी गेलेल्या ज्वारीच्या पिठाची उकड काढा: जेवढं पीठ तेवढंच पाणी उकळून त्यात पीठ घाला, झाकून पाच मिनिटांनी गरम असतानाच मळा. नागलीलाही हेच. कांदा साठवायचा तो उन्हाळी, एप्रिल-मेमध्ये निघतो तो. पातळ थरात, वारा लागेल असा, बटाट्यापासून वेगळा. पावसाळी लाल कांदा टिकत नाही, तो आठवड्याच्या हिशेबानेच आणा.

घरात तान्हं बाळ डब्याच्या दुधावर असेल तर त्याला स्वयंपाकघरातला पर्याय नाही. एक सीलबंद डबा कायम जास्तीचा ठेवा, आणि पुरवण्यासाठी पावडर कमी घालून दूध पातळ कधीही करू नका.

गिरणी, गॅस

वीज गेली की गिरणी बंद. म्हणून पावसाळ्यात पाच किलो कणीक दळलेली असावी. गॅस वाचवायचा असेल तर बाजारचा सुका पास्ता दीड तास गार पाण्यात भिजवा, मग तो उकळीत दोन मिनिटांत होतो. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवली तरी शिट्ट्या कमी लागतात.

दुकानं पुन्हा भरली की लगेच सगळं आणू नका. पहिल्या दोन आठवड्यांत भाव चढे असतात आणि अडकून पडलेला माल आधी पुढे येतो, पाकिटावरची तारीख बघून घ्या. आणलेलं नवं पाकीट कपाटात मागे, जुनं पुढे. रवा-पोह्यांचे डबे दर पंधरा दिवसांनी उघडून खालपर्यंत चमचा घाला. दाणे धाग्याने जोडल्यासारखे एकमेकांना चिकटून वर आले तर आत जाळी झाली आहे. तो डबा रिकामा करा, उन्हात तापवा आणि शेजारचे दोन डबेही त्याच दिवशी तपासा.